रोम जळताना फिडल वाजवणारा म्हणून बदनाम झालेला नीरो स्वतःच्या नाण्यांवर मात्र वेगळाच दिसायचा

राज्यात कुठं पूर आलेला असतो, कुठं दुष्काळ पडलेला असतो आणि नेमका तेव्हाच एखादा नेता कुठल्यातरी सोहळ्यात नाचताना दिसतो. दुसऱ्या दिवशी अग्रलेखात एक नाव हमखास येतं. नीरो.

रोम जळत होतं आणि हा गडी निवांत फिडल वाजवत बसला होता, ही गोष्ट शाळेतल्या पोरालाही माहिती असते.

आता यातली पहिली गंमत म्हणजे नीरोच्या काळात फिडल नावाचं वाद्यच नव्हतं. गजानं वाजवायची वाद्यं युरोपात आली ती त्यानंतर जवळपास हजार वर्षांनी. नीरो वाजवायचा ते किथारा, म्हणजे बोटांनी तारा छेडून वाजवायचं वाद्य. आणि दुसरी गोष्ट म्हणजे आग लागली तेव्हा तो रोममध्ये नव्हताच.

मग ही बदनामी आली कुठून?

नीरोबद्दल जगाला जे काही माहिती आहे, त्यातलं बहुतेक तीन लोकांनी लिहून ठेवलंय. टॅसिटस, सुएटोनियस आणि कॅसियस डिओ. पहिल्या दोघांनी लिहिलं ते नीरो मेल्यावर पन्नासेक वर्षांनी. डिओनं तर दीडशे वर्षं उलटल्यावर. त्यातले टॅसिटस आणि डिओ हे सिनेटर होते आणि सिनेटमधल्या बड्या घराण्यांचं नीरोशी हाडवैर.

पण एक साक्षीदार असाय, जो नीरोच्या डोळ्यांदेखत तयार झाला. त्याच्या टांकसाळीत पाडलेली ब्राँझची नाणी.

या नाण्यांवर बंदर आहे, बाजार आहे, धान्याची देवी आहे, बंद दाराचं देऊळ आहे आणि चक्क वाद्य वाजवणारा गायकही आहे. आग मात्र कुठंच नाही.

नीरोची गोष्ट याच नाण्यांच्या छापा-काट्यातून समजून घेऊ.

आधी नाण्यांचा हिशोब

रोमन साम्राज्यात सोन्याचं नाणं होतं ऑरियस. चांदीचं डिनॅरियस. आपल्याकडचा दीनार हा शब्द याच डिनॅरियसवरून आला.

पण सोनं-चांदी ही मोठ्या व्यवहारांची आणि सैन्याच्या पगाराची गोष्ट. भाजी, पाव, दारू आणि हमामखान्यासाठी लागायची चिल्लर. या चिल्लरीत सगळ्यात मोठं नाणं म्हणजे सेस्टर्शियस. एका डिनॅरियसचे ४ सेस्टर्शियस. एका सेस्टर्शियसचे २ ड्युपॉन्डियस. एका ड्युपॉन्डियसचे २ ॲस. त्याखाली ॲसचा अर्धा भाग म्हणजे सेमिस आणि पाव भाग म्हणजे क्वाड्रन्स.

पॉम्पेई शहरातल्या एका दारूच्या गुत्त्याच्या भिंतीवर दर लिहिलेले सापडलेत. साधी वाईन एका ॲसला, त्याहून बरी दोन ॲसला आणि नामांकित फालेर्नियन वाईन चार ॲसला. म्हणजे एक सेस्टर्शियस खिशात असला की गडी उत्तमातली वाईन पिऊन घरी जाऊ शकत होता.

संग्राहक या सगळ्या चिल्लरीला सरसकट ब्राँझची नाणी म्हणतात. खरं तर सेस्टर्शियस आणि ड्युपॉन्डियस पितळेचे, म्हणजे तांब्यात जस्त मिसळून केलेले. ॲस शक्यतो तांब्याचा. नवाकोरा सेस्टर्शियस सोन्यासारखा चमकायचा. वजन साधारण २५ ग्रॅम, रुंदी ३५ मिलिमीटरच्या आसपास. आपल्या दहा रुपयांच्या नाण्यापेक्षा तिप्पट जड.

आकार एवढा मोठा म्हणजे चित्राला जागाही भरपूर. त्या काळात छापखाना नाही, वर्तमानपत्र नाही. साम्राज्यातल्या करोडो लोकांनी सम्राटाला कधी प्रत्यक्ष बघितलेलं नसायचं. त्याचा चेहरा त्यांच्यापर्यंत पोचायचा तो खिशातल्या चिल्लरीतून. आजच्या भाषेत सांगायचं तर नाणं हे सम्राटाचं सरकारी सोशल मीडिया अकाउंट होतं. फॉलोअर्स सक्तीचे आणि कमेंट सेक्शन बंद.

जन्माच्या सुमारासच आईचं नाव नाण्यावर

नीरोचा जन्म १५ डिसेंबर, इसवी सन ३७ चा. गाव अँटियम, रोमच्या दक्षिणेला समुद्रकाठी. त्याचं मूळ नाव लुसियस डोमिशियस अहेनोबार्बस. आई ॲग्रिपिना ही पहिला सम्राट ऑगस्टस याच्या नातीची मुलगी. म्हणजे ऑगस्टस हा नीरोचा खापरपणजोबा.

त्याच वर्षी ॲग्रिपिनाचा भाऊ कॅलिग्युला सम्राट झाला. त्यानं काय करावं? आपल्या तिन्ही बहिणींना एका सेस्टर्शियसवर आणलं. नाण्याच्या मागच्या बाजूला तिघी देवींच्या रूपात उभ्या, प्रत्येकीचं नाव शेजारी कोरलेलं. त्यातली सुरक्षिततेची देवी म्हणजे ॲग्रिपिना.

दोनच वर्षांत कॅलिग्युलाला वाटलं बहीण आपल्याविरुद्ध कट करतीये. सुरक्षिततेची देवी थेट एका बेटावर हद्दपार झाली. पाठोपाठ नीरोचे वडील वारले, वारशाची संपत्ती कॅलिग्युलानं गिळली आणि पोरगं आत्याच्या घरी वाढायला लागलं.

नाण्यावरचं चित्र आणि घरातलं वास्तव यांच्यातलं अंतर नीरोच्या वाट्याला इतक्या लवकर आलं.

इसवी सन ४१ मध्ये कॅलिग्युलाचा खून झाला आणि काका क्लॉडियस गादीवर बसला. त्यानं ॲग्रिपिनाला परत बोलावलं. पुढं ४९ मध्ये तिनं याच काकाशी लग्न केलं आणि ५० मध्ये आपल्या मुलाला त्याच्याकडून दत्तक घेववलं. लुसियसचा नीरो झाला तो तेव्हा. क्लॉडियसला स्वतःचा मुलगा होता, ब्रिटानिकस. पण तो तीन वर्षांनी लहान. नीरोच्या शिकवणीला तत्त्वज्ञ सेनेका आणला गेला आणि ५३ मध्ये क्लॉडियसची मुलगी ऑक्टेव्हिया हिच्याशी त्याचं लग्नही लावून दिलं.

१३ ऑक्टोबर ५४ ला क्लॉडियस मेला. बायकोनंच अळंबीतून विष दिलं अशी चर्चा रोमभर होती. नीरो सम्राट झाला तेव्हा सतरावंही पूर्ण नव्हतं.

नाण्यावरून आई हळूहळू गायब झाली

नीरोच्या सुरुवातीच्या सोन्या-चांदीच्या नाण्यांवर एक भन्नाट गोष्ट दिसते. छाप्यावर आई आणि मुलगा एकमेकांकडं तोंड करून. आणि त्या बाजूला नाव आहे ते आईचं. सम्राटाचं नाव मागच्या बाजूला. राज्य कोण चालवतंय हे सांगायला वेगळी बातमी छापायची गरजच नव्हती.

पुढच्याच वर्षी, म्हणजे ५५ मध्ये, चित्र बदललं. आता दोघंही एकाच दिशेला बघतायत, पुढं नीरो आणि मागं आई. नाव-पदव्यांची जागाही बदलली. त्यानंतर तर ॲग्रिपिना नाण्यांवरून गायबच झाली.

त्याच ५५ साली ब्रिटानिकस जेवणाच्या पंगतीत कोसळून मेला. चौदावा वाढदिवस अगदी तोंडावर आला होता. विषप्रयोगाचा संशय नीरोवर आला.

आणि ५९ मध्ये नीरोनं आईचा काटा काढला. आधी तिला मोडून पडेल अशा खास बनवलेल्या बोटीत बसवलं. बोट मोडली, पण बाई पोहून किनाऱ्याला लागली. मग माणसं पाठवून घरात घुसून तिला मारलं.

याच ५९ साली नीरोनं रोममध्ये एक मोठ्ठी मंडई बांधून खुली केली, माकेलम मॅग्नम नावाची. काही वर्षांनी ती ड्युपॉन्डियसवर झळकली. मधोमध गोल घुमटाची दुमजली इमारत, खांब आणि वर चढणाऱ्या पायऱ्या. ज्या वर्षी आई मारली, त्या वर्षाची आठवण चिल्लरीत राहिली ती मंडईच्या रूपानं.

बंदरात जहाजं बुडाली आणि नाण्यावर बंदर आलं

नीरोच्या पहिल्या सात-आठ वर्षांत रोमच्या टांकसाळीनं सम्राटाच्या नावाची ब्राँझची चिल्लर पाडलीच नाही. जुन्या नाण्यांवर काम चालू होतं. ६२-६३ च्या सुमारास मात्र टांकसाळ जोरात सुरू झाली. नीरोच्या काळात एक वेगळा प्रयोगही झाला. एरवी तांब्यात पाडली जाणारी ॲस, सेमिस, क्वाड्रन्स ही छोटी नाणीसुद्धा पितळेत पाडली. लोकांची गल्लत होऊ नये म्हणून काही नाण्यांवर किंमतीच्या खुणा घातल्या. ड्युपॉन्डियसवर दोनाचा रोमन आकडा, ॲसवर एकाचा आणि सेमिसवर त्याचं पहिलं अक्षर.

आणि मग आला तो नीरोचा सगळ्यात गाजलेला सेस्टर्शियस. ऑस्टियाच्या बंदराचा.

या नाण्याची गंमत म्हणजे त्यावरचं दृश्य आकाशातून बघितल्यासारखं आहे. दोन हजार वर्षांपूर्वीचा ड्रोन शॉट म्हणा. दोन्ही बाजूंनी कवेत घेतल्यासारखा धक्का, मध्ये शिडांची आणि वल्ह्यांची जहाजं, वर दीपस्तंभावर समुद्रदेव नेपच्यूनचा पुतळा आणि तळाशी आडवा टेकलेला दाढीवाला जलदेव, हातात सुकाणू, जवळ डॉल्फिन. हे सगळं ३५ मिलिमीटरच्या गोलात. तेही उलट्या कोरलेल्या ठशावर हातोड्याचा घाव घालून उठवलेलं. प्रत्येक ठसा हातानं कोरलेला असल्यानं कुठल्या नाण्यावर सात जहाजं दिसतात तर कुठल्यावर दहा-अकरा.

पण हे चित्र निवडलं का?

रोमची लोकसंख्या तेव्हा दहा लाखांच्या आसपास होती. एवढ्या तोंडांना पुरेल इतकं धान्य इटलीत पिकत नव्हतं. ते यायचं इजिप्त आणि उत्तर आफ्रिकेतून, जहाजानं. दोनेक लाख लोकांना सरकारकडून फुकट धान्य मिळायचं. आपल्याकडच्या रेशनसारखंच. जहाज उशिरा आलं की शहरात दंगल ठरलेली. म्हणून क्लॉडियसनं ४२ मध्ये ऑस्टियाजवळ नवीन बंदर बांधायला घेतलं आणि त्याचं श्रेय नाण्यावर घेतलं नीरोनं.

आता या नाण्याची दुसरी बाजू. ६२ मध्ये मोठं वादळ आलं आणि याच बंदरात उभी असलेली धान्याची २०० जहाजं बुडाली. आणखी १०० जहाजं नदीतून वर येताना आगीत गेली. शहरात घबराट पसरणार हे दिसत होतं. नीरोनं काय केलं तर गोदामातलं सडकं धान्य सगळ्यांसमक्ष नदीत फेकायला लावलं. साठा इतका आहे की खराब माल टाकून देतोय, असा त्याचा अर्थ. भाव वाढू दिला नाही.

त्यानंतर वर्ष-दोन वर्षांत लोकांच्या हातात नाणं आलं, ज्यावर बंदर शांत आहे आणि जहाजं सुखरूप उभी आहेत.

जोडीला आणखी एक सेस्टर्शियस निघाला. त्यावर धान्याची देवी सेरेस कणसं आणि मशाल घेऊन बसलीये. समोर ॲनोना उभी आहे, म्हणजे वर्षाच्या धान्यपुरवठ्याची देवी. मध्ये धान्याचं माप आणि मागं जहाजाचा मागचा भाग. ज्याला लिहिता-वाचता येत नव्हतं, त्यालाही हे नाणं कळत होतं. सम्राट आहे तोवर भाकरी आहे.

आणि मग रोम पेटलं

६४ च्या जुलै महिन्यात, १८ तारखेच्या रात्री, सर्कस मॅक्झिमस या रथशर्यतींच्या मैदानाजवळच्या दुकानांमध्ये आग लागली. सहा दिवस धुमसली, विझली असं वाटलं तोवर परत भडकली. शहराचे १४ विभाग होते. त्यातले ३ पूर्ण बेचिराख झाले, ७ विभागांत नुसते अवशेष उरले आणि फक्त ४ वाचले.

नीरो तेव्हा आपल्या जन्मगावी, अँटियमला होता. तो परत आला आणि बेघर लोकांसाठी मैदानं उघडली, स्वतःच्या बागाही उघडल्या, तात्पुरत्या झोपड्या उभारल्या. ऑस्टियाहून सामान मागवलं. आणि धान्याचा भाव पाडून एका मापाला ३ सेस्टर्शियस केला. ज्या नाण्यावर धान्याची देवी होती, तशाच तीन नाण्यांत घरात पायलीसारखं भरलेलं माप येत होतं. हे सगळं सांगणारा माणूस म्हणजे नीरोचा अजिबात चाहता नसलेला टॅसिटस.

पुढं त्यानं बांधकामाचे नियमही घालून दिले. रस्ते रुंद, इमारतींच्या उंचीला मर्यादा, दोन घरांना सामाईक भिंत नाही, ठराविक भाग आगीला टिकणाऱ्या दगडाचाच.

मग लोकांचा राग कशावर होता? एक तर अफवा पसरली की शहर पेटलेलं असताना सम्राट ट्रॉय शहराच्या नाशाचं गाणं गात होता. आणि दुसरं म्हणजे, जळालेल्या शहराच्या ऐन मध्यावर त्यानं स्वतःसाठी सोन्याचा महाल बांधायला घेतला. आत कृत्रिम तळं, बागा, कुरणं आणि दाराशी १२० फुटी पुतळा. घर गेलेल्या माणसानं त्यातून काय अर्थ काढायचा?

अफवा दाबण्यासाठी नीरोनं आळ टाकला तो ख्रिस्ती लोकांवर. त्या वेळी ते शहरातले मूठभर अल्पसंख्य होते. त्यांना कुत्र्यांच्या तोंडी दिलं, क्रुसावर चढवलं, रात्री उजेडासाठी जिवंत जाळलं. टॅसिटसला या पंथाबद्दल काडीचं प्रेम नव्हतं, पण त्यानंही लिहिलंय की लोकांना त्यांची दया यायला लागली.

यातलं काहीही नाण्यावर नाही. ६४ नंतरच्या सेस्टर्शियसवर रोम नगरीची देवी शस्त्रांच्या ढिगावर निवांत बसलेली दिसते, हातात विजयाची छोटी मूर्ती घेऊन.

पैसा हवा होता, मग चांदीत तांबं आलं

शहर उभारायला आणि महाल बांधायला पैसा लागत होता. आग लागली त्याच वर्षी नीरोनं चलनच हलकं केलं. पूर्वी एका रोमन पौंड चांदीतून ८४ डिनॅरियस पाडले जायचे, आता ९६ पाडायला लागले. शिवाय चांदीत तांबं मिसळलं. पुढच्या सम्राटांनी बहुतांशी हीच वाट धरली आणि पुढच्या दोनशे वर्षांत रोमन चांदीच्या नाण्यात चांदी नावापुरती उरली.

इथं आपल्याकडचा एक धागा जुळतो. साधारण याच काळात लिहिलेल्या पेरिप्लस नावाच्या ग्रीक दर्यावर्दी पुस्तकात भडोच, सोपारा, कल्याण, पैठण आणि तेर या गावांची नावं येतात. भारतातून मिरी, मलमल आणि रत्नं जायची, बदल्यात सोनं-चांदी यायची. प्लिनी या रोमन लेखकानं तक्रार केली होती की भारत दरवर्षी साम्राज्याचे ५ कोटी सेस्टर्शियस ओढून घेतो. ही रक्कम हिशोबाची. पितळी सेस्टर्शियसची पोती भरून जहाजं येत नव्हती. ती चिल्लर रोमच्या गल्लीबोळातच फिरायची.

दुसरी एक रक्कमही लक्षात ठेवण्यासारखी आहे. रोम जळालं तेव्हा गॉलमधल्या, म्हणजे आजच्या फ्रान्समधल्या, लिऑन शहरानं ४० लाख सेस्टर्शियसची मदत पाठवली होती. नंतर लिऑन स्वतः जळालं तेव्हा नीरोनं तितकेच ४० लाख परत दिले. याच लिऑनमध्ये त्यानं ब्राँझच्या नाण्यांची टांकसाळ चालवली. तिथली नाणी ओळखायची खूण सोपी आहे. नीरोच्या गळ्याच्या टोकाशी एक बारीकसा गोळा असतो.

प्रत्येक नाण्याला एक काटा

६४ ते ६८ या चार वर्षांत नीरोच्या सेस्टर्शियसवर जी चित्रं आली, ती रोमन नाण्यांमधली सगळ्यात देखणी मानली जातात. पण एकेक चित्र घ्या आणि त्या वेळी काय चाललं होतं ते शेजारी ठेवा.

एका नाण्यावर नीरो घोड्यावर बसून भाला घेऊन लष्करी कवायत करतोय. प्रत्यक्षात त्यानं आयुष्यात एकाही मोहिमेवर सैन्य नेलं नाही.

दुसऱ्यावर विजयाची कमान आहे, वर चार घोड्यांचा रथ, बाजूच्या कोनाड्यात युद्धदेव मार्सचा पुतळा. ही कमान आर्मेनियातल्या विजयासाठी होती. आज ती जमिनीवर शिल्लक नाही, ती कशी दिसायची हे कळतं ते नाण्यांमुळं. पण तो विजय मिळवला होता सेनापती कॉर्ब्युलोनं. ६७ मध्ये नीरोनं त्याला ग्रीसमध्ये बोलावून घेतलं आणि स्वतःचा जीव घ्यायला लावला.

तिसऱ्यावर जेनसचं देऊळ आहे. दोन तोंडांच्या या देवाच्या देवळाची दारं युद्ध चालू असताना उघडी आणि सगळीकडं शांतता असली की बंद ठेवायची रीत होती. नीरोच्या नाण्यावर दारं घट्ट लावलेली आहेत, त्यावर हार लटकतोय आणि कडेनं मजकूर आहे की जमिनीवर आणि समुद्रावर शांतता मिळवून दारं बंद केली. ६६ मध्ये आर्मेनियाचा राजा तिरिदातेस रोमला आला आणि नीरोच्या हातून मुकुट घेऊन गेला, तेव्हा हा दावा खराही वाटला असेल. पण त्याच ६६ मध्ये ज्यूडियात बंड पेटलं आणि रोमच्या सगळ्यात रक्तरंजित युद्धांपैकी एक सुरू झालं. शांततेची ती नाणी तेव्हा बाजारात फिरतच होती.

घरात तर विचारूच नका. ६२ मध्ये नीरोनं ऑक्टेव्हियाला घटस्फोट देऊन बेटावर पाठवलं आणि तिथं मारून टाकलं. लग्न केलं पॉपियाशी. तिला झालेली मुलगी चार महिन्यांत गेली आणि ६५ मध्ये पॉपियाही गेली. त्याच वर्षी त्याला मारायचा कट उघडकीला आला आणि ज्यांना मरणाचा हुकूम मिळाला त्यात त्याचे गुरुजी सेनेकाही होते.

या सगळ्या वर्षांत छाप्यावरचा चेहरा बदलत गेला. सुरुवातीचं कोवळं पोरगं जाऊन जाड मानेचा, गुबगुबीत गालांचा, कपाळावर केसांच्या ओळी नीट बसवलेला माणूस आला. रोमन टांकसाळीनं त्याला बारीक करून दाखवायचा प्रयत्न केला नाही. भरलेलं शरीर म्हणजे सुबत्ता, असाच तो संदेश असावा.

ज्या नाण्यानं बड्या लोकांचं डोकं फिरलं

आता येऊ त्या नाण्याकडं जिथून फिडलची गोष्ट जन्माला आली असं म्हणता येईल.

नीरोच्या काही ॲसवर एक आकृती आहे. पायघोळ झगा, हातात किथारा, चालत चालत वाजवतेय. वाद्याचा देव अपोलो असाच दाखवतात. पण सुएटोनियस सांगतो की नीरोनं गायकाच्या वेशात स्वतःचे पुतळे उभारले आणि नाणंही पाडलं. म्हणजे बघणाऱ्याला ते अपोलो वाटायचं तसंच सम्राटही वाटायचं.

रोमच्या उच्चभ्रू समाजात रंगमंचावर पैशासाठी गाणाऱ्याला इज्जत नव्हती. कायद्यानंसुद्धा नटाचा दर्जा खालचा. आणि इथं खुद्द सम्राट सगळ्यांसमोर गात होता, स्पर्धेत उतरत होता. ६० मध्ये त्यानं स्वतःच्या नावानं दर पाच वर्षांनी भरणारा कला-क्रीडा महोत्सवच सुरू केला आणि बक्षिसाचं टेबल, त्यावर कलश आणि हार हे चित्र सेमिसवर आलं. ६६-६७ मध्ये तो ग्रीसच्या दौऱ्यावर गेला. ऑलिंपिकमध्ये दहा घोड्यांचा रथ हाकताना खाली पडला, शर्यत पूर्ण केली नाही, तरी विजेता ठरला. परत आला तो १८०८ मुकुट जिंकून.

सामान्य लोकांना हा सम्राट आवडायचा. खेळ होते, गाणं होतं, फुकट धान्य होतं. सिनेटर लोकांना मात्र आईच्या खुनाइतकाच हा किथाराही खटकायचा. नीरोनं जे अभिमानानं चिल्लरीवर मिरवलं, तेच पुढं त्याच्या विरोधकांनी उचललं आणि जळत्या शहरासमोर नेऊन ठेवलं.

चेहऱ्यावरच ठसा मारला

मार्च ६८ मध्ये गॉलचा एक सुभेदार विंडेक्स यानं बंड केलं. स्पेनमधून गाल्बा उठला. त्या धामधुमीत एक नवीनच प्रकार सुरू झाला. नीरोच्या ब्राँझच्या नाण्यांवर, थेट त्याच्या मानेवर किंवा गालावर, छोटा ठसा मारायचा. चारच अक्षरं. अर्थ, रोमचं सिनेट आणि रोमची जनता.

नाणं वितळवायला वेळ नव्हता, चिल्लर तर हवीच होती. मग सम्राटाच्या तोंडावर शिक्का मारून तेच नाणं पुन्हा चालवायचं. कमेंट सेक्शन बंद असलेल्या अकाउंटवर लोकांनी अशी कमेंट टाकली. पूर्वेकडच्या काही नाण्यांवर तर गाल्बाचं नावच ठोकलेलं सापडतं.

सिनेटनं नीरोला देशाचा शत्रू जाहीर केलं. पहारेकरी पळाले. चार माणसांना घेऊन तो रात्री शहराबाहेर आपल्या एका मुक्त केलेल्या गुलामाच्या घरी लपला. ९ जून ६८ ला घोडेस्वार पकडायला येत असल्याचा आवाज आला आणि त्यानं गळ्यावर सुरा चालवला. हात थरथरत होता म्हणून एपाफ्रोडिटस या सेवकानं मदत केली. मरताना त्याला खंत होती ती आपल्यासारखा कलाकार जगातून चाललाय याची. वय फक्त ३०.

अंत्यविधीला खर्च आला २ लाख सेस्टर्शियस. तो केला त्याच्या दोन दायांनी आणि ॲक्टे नावाच्या जुन्या प्रेयसीनं. पुढं कित्येक वर्षं कुणीतरी त्याच्या कबरीवर फुलं ठेवून जायचं. साम्राज्याच्या पूर्व भागात तर नीरो जिवंत आहे असं सांगणारे तोतयेही निघाले. आपल्याकडं पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंचा तोतया निघाला होता, तसंच काहीसं.

नाणं खरं, पण चालणार का?

नीरोच्या महालातलं तळं बुजवून पुढच्या सम्राटांनी तिथं कोलोसियम बांधलं. पुतळ्याला सूर्यदेव करून टाकलं. नाणी मात्र सगळी गोळा करणं कुणाच्या बापाला शक्य नव्हतं. ती फिरत राहिली.

त्यावरून एक गोष्ट सांगितली जाते. नीरोला मरायला मदत करणाऱ्या एपाफ्रोडिटसच्या घरी एक लंगडा गुलाम होता. एपिक्टेटस त्याचं नाव. पुढं तो मोकळा झाला आणि मोठा तत्त्वज्ञ झाला. माणसाची पारख कशी करावी हे शिष्यांना सांगताना तो सेस्टर्शियसचं उदाहरण द्यायचा. नाण्यावर ठसा कुणाचा आहे ते बघा. ट्रेजन सम्राटाचा असेल तर घ्या, नीरोचा असेल तर फेकून द्या, ते खोटं आहे, अशा अर्थाचं त्याचं म्हणणं होतं.

वास्तविक नीरोच्या सेस्टर्शियसचं पितळ अस्सल होतं. वजनही पुरेपूर. खोट धातूत नव्हती. खोट होती ती त्यावरच्या चेहऱ्यावर लोकांचा विश्वास उरला नव्हता यात. बंदर खरंच होतं, मंडई खरी होती, स्वस्त धान्यही खरं होतं. पण त्याच हातांनी आई, भाऊ, बायको आणि गुरू गेले होते आणि जळत्या माणसांच्या उजेडात खेळ झाले होते. एका बाजूचं चित्र कितीही सुबक कोरलं तरी नाणं उलटून बघणारे लोक असतातच.

तरीही गोष्ट इथं संपत नाही. नीरो मेल्यावर तीनशे वर्षांनी, चौथ्या शतकाच्या शेवटी, रोममध्ये ब्राँझची मोठी पदकं पाडली गेली. रथशर्यती आणि खेळांशी जोडलेली. त्यावर जुन्या सम्राटांचे चेहरे असायचे. सगळ्यात जास्त दिसणाऱ्या चेहऱ्यांमध्ये एक होता ट्रेजन.

आणि दुसरा, एपिक्टेटसनं फेकून द्यायला सांगितलेला, नीरो.